उलटी प्रदक्षिणा

लय आमच्या घराण्यात आहे, असं आमच्याकडे निदान बोललं तरी जातं. आजोबा भजनात टाळ धरायचे, काका आरतीला झांज वाजवायचे आणि मी शाळेच्या लेझीम पथकात तिसऱ्या रांगेत होतो. तिसरी रांग प्रमुख पाहुण्यांना दिसत नाही म्हणून मला तिथे उभं केलं होतं, असं शाळेचे शिपाईमामा सांगायचे. पुढे सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत मांडी घालून, डोळे मिटून आणि शेजाऱ्याला दिसेल अशा बेतानं गुडघ्यावर बोटं आपटून माझी पक्की समजूत झाली, की जगात कुठेही जावं, कुणी काहीही वाजवावं, आपण समेवर बरोबर येणार. ही समजूत रोमानियातल्या याश शहरात, एका मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला, रात्री साडेदहाच्या सुमारास निकालात निघाली. तिथे साक्षीदार भरपूर होते, आणि त्यातल्या निम्म्यांच्या हातात मोबाइल होते.

याश म्हणजे मोल्दोवा संस्थानाची जुनी राजधानी. प्रोजेक्टच्या निमित्तानं आम्ही तिघं तिथे राहत होतो: मी, बायको आणि सोळा वर्षांचे चिरंजीव. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई, त्यांचा नवरा, त्यांची मुलगी आणि दिवसभर चालू असलेला टीव्ही. त्या टीव्हीवर सदैव लोकसंगीताचा चॅनेल. भरतकाम केलेले झगे घातलेल्या बायका डोंगरापुढे उभ्या राहून गात असायच्या, आणि त्यांच्यामागे अ‍ॅकॉर्डियन अशा वेगानं चालायचा की आमचा वरचा कुकर शिट्टी द्यायला कचरायचा. मुलगी मात्र कानात इअरफोन घालून जिन्यावरून ये-जा करायची. मी मनात म्हटलं, झालं, इथेही तेच! आईबापांचं लोकसंगीत आणि पोरांचा धांगडधिंगा. परदेशात राहणाऱ्या माणसाला असे निष्कर्ष फार लवकर काढता येतात.

एके दिवशी बाई वर आल्या आणि मुलीच्या 'माझोरात'चं आमंत्रण देऊन गेल्या. माझोरात म्हणजे कायद्यानं सज्ञान झाल्याचा सोहळा. हा ऐपतीप्रमाणे, आणि बरेचदा ऐपतीबाहेर, लग्नाच्या थाटात करतात. भाड्यानं घेतलेला हॉल, डीजे, वाद्यवृंद, फोटोग्राफर, जमिनीवर धूर सोडणारं यंत्र, फुलबाज्या लावलेला मजल्यामजल्यांचा केक, आणि पाहुण्यांनी आणायची पाकिटं. माझ्या अठराव्या वाढदिवसाला आईनं औक्षण केलं होतं, वडिलांनी 'आता तरी जबाबदारीनं वागा' असं म्हणून दोनशे रुपये दिले होते, आणि संध्याकाळी क्लासची फी भरायची म्हणून ते परत घेतले होते. त्यामुळे माझोरात या प्रकाराबद्दल माझ्या मनात कुतूहलाइतकीच असूयाही होती.

"गाणी-नाच असणार बरं का," बाई म्हणाल्या. "होरा, सिर्बा, सगळं. तुम्हाला येतं का?"

"थोडंफार," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाच्या वरातीत मी केलेला नागीण डान्स तिच्या माहेरी अजून निघतो.

पण माझं 'थोडंफार' अगदीच हवेत नव्हतं. २४ जानेवारीला आम्ही याशच्या उनिरी चौकात गेलो होतो. मोल्दोवा संस्थानानं आधीच निवडलेला राजा १८५९ साली याच तारखेला वालाकिया संस्थानानंही निवडला आणि आधुनिक रोमानियाचा पाया पडला. तो राजा आलेक्सांद्रू इओन कूझा. चौकात त्याचा पुतळा आहे, आणि दरवर्षी त्या दिवशी लोक हात धरून 'होरा उनिरी' नाचतात. शब्द वासिले अलेक्सांद्री या कवीचे, चाल फ्लेख्टेनमाखर नावाच्या संगीतकाराची. त्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी होती, दोन्ही बाजूंना जाडजूड कोट होते आणि गर्दी इतकी, की आपण नाचतो आहोत की ढकलले जातो आहोत हे कळायला मार्ग नव्हता. मी त्याला नाचणं समजलो, आणि घरी येऊन 'होरा जमला' असं पुण्याला कळवूनही टाकलं.

आमंत्रण आल्यावर मी रीतसर अभ्यासाला बसलो. आधी अभ्यास आणि नंतर नापास, ही माझी जुनी पद्धत आहे. संगीतकार बार्तोकचे 'रोमानियन लोकनृत्यं' हे १९१५ सालचे पियानोचे तुकडे ऐकले. सहाच तुकडे, सगळे मिळून पाच-सहा मिनिटांत संपतात, म्हणून पुष्कळदा ऐकले. मग कॉन्स्टान्टिन ब्राइलोयू या थोर संशोधकाबद्दल वाचलं. यानं १९२८ साली बुखारेस्टमध्ये लोकसंगीताचा संग्रह उभा केला, खेडोपाडी माणसं पाठवून मेणाच्या नळकांड्यांवर गाणी उतरवून घेतली, आणि पुढे दोन-दोन आणि तीन-तीनच्या असमान तुकड्यांनी बनलेल्या लंगडत्या लयीवर एक गाजलेला निबंध लिहिला. हे वाचून मला भरून आलं. दोन आणि तीन! अरे, हे तर आपलं रूपक, आपला झपताल! मी बायकोला स्वयंपाकघरात गाठून सविस्तर समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुलं कुठून घ्यायची?"

फुलांचा प्रश्न मी हुशारीनं सोडवला. अठरावा वाढदिवस, तेव्हा अठरा गुलाब. सुपरमार्केटमध्ये नऊ-नऊच्या जुड्या होत्या, त्यातल्या दोन घेतल्या आणि घरी एकत्र बांधल्या. जुड्या नऊच्याच का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. रोमानियात समसंख्येची फुलं फक्त मयताला नेतात. हॉलच्या दारात घरमालकीणबाईंनी गुच्छ हातात घेतला, त्यांचे ओठ क्षणभर हलले (त्या मोजत होत्या, हे मला नंतर कळलं), आणि अत्यंत प्रेमळ चेहऱ्यानं त्यांनी एक गुलाब उपसून शेजारी उभ्या असलेल्या आजीबाईंच्या हातात दिला. मला वाटलं, काय ही माया! आजीलाही विसरल्या नाहीत! मी आजीबाईंना वाकून नमस्कार केला. त्या दचकून मागे सरकल्या.

पाकिटात मात्र मी विषमसंख्येची पुरेपूर काळजी घेतली होती. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे तीनशे लेऊ आणि वर एक लेऊची नोट. दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालक ती नोट परत द्यायला वर आले. चुकून गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ती शुभ असते, राहू द्या. त्यांनी नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आजारी माणसाशी वाद घालू नये अशा सुरात 'बरं' म्हणून निघून गेले. म्हणजे एका रात्रीत मी त्या घराला मयताची फुलं आणि सुटे पैसे दिले होते. असो.

हॉल गावाबाहेरच्या रस्त्यावर होता. छताला झुंबरं, भिंतीवर एलईडीचा पडदा आणि त्यावर मुलीचे जन्मापासूनचे फोटो. टेबलावर आधी थंड पदार्थांचं भलंमोठं ताट आलं: चीज, मांसाचे काप, भरलेली अंडी आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत. परमुलखात भरीत दिसल्यावर माणूस वाहवतोच. हेच जेवण असं समजून मी ताटाचा तळ दिसेपर्यंत हात चालवला. त्यानंतर मासा आला. मग भाजलेलं मांस आलं. मध्यरात्र उलटून गेल्यावर, कोबीच्या आंबवलेल्या पानांत खिमा-तांदूळ गुंडाळून शिजवलेले सारमाले आले. दर दोन पदार्थांच्या मध्ये तासभर नाच असतो. त्यामुळे त्या लोकांना पुढचं जेवण जातं, आणि माझ्यासारख्याला पुढचा नाच जात नाही.

सुरुवात डीजेनं केली. पोरं-पोरी एकत्र उड्या मारत होती. मधूनच 'मानेले' लागायचं, म्हणजे पूर्वेकडच्या वळणाचं, ज्याला बाजारू म्हणून नावं ठेवतात आणि तरीही जे प्रत्येक समारंभात वाजतं असं संगीत. ते लागलं की पोरं खूश व्हायची आणि थोरल्यांच्या टेबलांवरून नाकं मुरडली जायची. नाकं मुरडणाऱ्यांचे पाय टेबलाखाली हलत होते, हे मी पाहिलं. मुलीचा एक काका संगीतशिक्षक होता. त्याला मी बार्तोकबद्दल सांगायला सुरुवात केली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "ते ट्रान्सिल्व्हानियातलं," तो म्हणाला. "डोंगरापलीकडचं. हे मोल्दोवा आहे." मालवणात जेवायला बसून तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं कौतुक केल्यावर यजमानाचा चेहरा होतो, तसा त्याचा झाला होता.

मग वाद्यवृंद आला. अ‍ॅकॉर्डियन, सॅक्सोफोन, कीबोर्ड, ड्रम आणि गाणारी बाई. भरतकामाचा झगा हॉलभरात काय तो तिच्याच अंगावर. अशा वाजवणाऱ्यांना लाउतार म्हणतात. ते बहुतेक रोमा समाजाचे, बापाकडून मुलाकडे आलेला धंदा, आणि सगळं कानावर. याशमधल्या बार्बू लाउतारूची गोष्ट इथे अजून सांगतात. १८४७ साली फ्रान्झ लिस्ट इथे आला होता, तेव्हा त्यानं पियानोवर काहीतरी अवघड वाजवलं आणि या बार्बूनं ते एकदा ऐकून जसंच्या तसं व्हायोलिनवर परत वाजवून दाखवलं म्हणे. त्या काळी मोल्दोवात रोमा लोक कायद्यानं गुलाम होते. सगळ्यांची सुटका व्हायला १८५५ साल उजाडलं. ज्यांच्या वाजवण्याशिवाय सरदारांच्या घरची लग्नं लागत नव्हती, त्यांतल्या अनेकांवर त्याच सरदारांची मालकी होती.

अ‍ॅकॉर्डियनवाल्यानं पट्टा खांद्यावर घेतला, तेव्हा मी खुर्चीत रेलून बसलो. आता तरुण मंडळी सिगारेट ओढायला बाहेर जाणार आणि मैदान आम्हा जाणकारांना मोकळं होणार, असा माझा हिशेब. पहिला सूर निघाला आणि तरुण मंडळी किंचाळली. बाहेर उभी असलेलीसुद्धा आत धावली. चकचकीत टिकल्यांचा झगा घातलेल्या उत्सवमूर्तीनं उंच टाचांच्या चपला टेबलाखाली भिरकावल्या, पांढरे स्नीकर चढवले आणि ती मैत्रिणींचे हात धरून मध्ये उभी राहिली. जिन्यावर इअरफोन घालून फिरणारी हीच ती पोरगी. पुढच्या चार तासांत तिचं एक पाऊल चुकलं नाही. आणि तिच्या शेजारी, खांद्याइतक्या उंचीवर हात धरून, अगदी जन्मापासून तिथलाच असल्यासारखा नाचत होता आमचा चिरंजीव. घरात हाक मारली तर मान वर न करणारा! मी त्याला हात केला. त्यानं ओळख दाखवली नाही.

मी उठलो, कडं फोडून आत शिरलो, दोन्ही बाजूंचे हात धरले आणि चालायला लागलो. डावीकडे. देवळात जन्म गेलेल्या माणसाचे पाय गोल दिसला की आपोआप त्याच दिशेला वळतात: देव उजव्या हाताला. होरा नेमका उलटा, उजवीकडे सरकतो. त्यामुळे एका बाजूनं पन्नासेक माणसं येत होती आणि दुसऱ्या बाजूनं मी एकटा प्रदक्षिणेला निघालो होतो. पहिल्याच पावलाला मी एका भरभक्कम मावशींच्या पायावर उभा राहिलो. त्यांनी हूं की चूं केलं नाही. नुसता माझा हात घट्ट धरला आणि फाटक सरकवावं तसं मला उजवीकडे सरकवलं. पुढचा सगळा होरा मी त्यांच्याच बळावर नाचलो. वेग त्यांचा, दिशा त्यांची, दम मात्र माझा लागला.

होरा हा तसा सभ्य प्रकार. पुढे चार पावलं, मागे चार, जरा बाजूला, हात वर-खाली. खरी गंमत सिर्बात असते. हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर टाकायचे, लय दुप्पट होते, पाय जमिनीला टेकले न टेकले करत सरकायचं आणि मध्येच कुणीतरी जोरात ओरडतं. ओरडून सांगितल्या जातात त्या चारोळ्या, कधी टोमणा, कधी चावट काहीतरी. मी कुणाच्या मध्ये सापडलो? उत्सवमूर्तीच्या वर्गातली दोन ताडमाड पोरं, बहुधा बास्केटबॉलवाली. त्यांच्या खांद्यांवर हात टाकल्यावर माझे पाय अधांतरीच राहिले. सिर्बाच्या उत्तरार्धात मी अक्षरशः वाहून नेला जात होतो. अंगात भरीत, मासा आणि अभिमान यांचं काय होत होतं, ते सांगत नाही. पण बायकोनं काढलेल्या व्हिडिओत माझे बूट हवेत सायकल चालवताना स्पष्ट दिसतात. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आत्यानं त्याखाली लिहिलं, 'छान! तब्येत सुधारलेली दिसते.'

तरीही मी हार मानली नव्हती, कारण माझा हुकमाचा पत्ता शिल्लक होता. मुलीच्या आईचं माहेर तुल्चाचं, दोब्रोजा प्रांतातलं, डॅन्यूब जिथे समुद्राला मिळते तिथलं. त्या बाजूच्या नाचाला 'जाम्पारा' म्हणतात आणि तो सात मात्रांचा. बाईंनी फर्माईश केली, कीबोर्डवाल्यानं मान हलवली, आणि मी आनंदानं शेजाऱ्याला कोपर मारलं. सात! म्हणजे रूपक! हे तर आपल्या घरचं.

रूपकात आधी तीन आणि मग दोन-दोन: ती ती ना, धी ना, धी ना. ते पुटपुटत मी रिंगणात उतरलो. जाम्पारात आधी दोन-दोन आणि शेवटी तीन. म्हणजे मी जिथे लांब पाऊल टाकायचो तिथे सगळं रिंगण दोन छोटी पावलं टाकून पुढे गेलेलं असायचं, आणि ते जिथे झोकात एका पायावर थबकायचे तिथे मी घाईनं पुढच्या माणसावर आदळायचो. बरं, सातच्या सात मात्रा बरोबर मोजत असल्यामुळे दर आवर्तनात मी अचूक त्याच जागी चुकत होतो. चूक इतकी लयबद्ध होती, की पलीकडच्या दोन लहान मुलांना तीच खरी पद्धत वाटून ती माझ्यासारखी आदळायला लागली. त्यांच्या आईनं त्यांना उचलून नेलं.

चिरंजीव बाजूनं सरकत आले आणि पहिल्यांदा त्यांनी मला ओळख दिली.

"बाबा, मोजू नकोस."

"अरे, सात मात्रा आहेत. तुला ठाऊक आहे का, ब्राइलोयूनं..."

"इथे कुणीच मोजत नाहीये."

आणि खरंच कुणी मोजत नव्हतं. मी त्या ताडमाड पोरांपैकी एकाला नंतर विचारलं, हा नाच तुम्ही कुठे शिकलात? त्याला प्रश्नच कळला नाही. "लग्नांत," तो म्हणाला. म्हणजे पायात येण्याइतका मोठा झाल्यापासून प्रत्येक लग्नात, बारशात आणि वाढदिवसात कुणीतरी हात धरून रिंगणात ओढलं, एवढंच. जाम्पारा म्हणजे काय, तेही त्याला सांगता येईना. तो म्हणाला, "तो नाही का, तुम्ही सारखे पडत होतात तो."

मी आजीबाईंच्या टेबलाशी जाऊन बसलो. त्यांच्यापुढे माझा तो गुलाब पाण्याच्या ग्लासात ठेवलेला होता. मी भारतातला, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "राज कपूर!" त्या म्हणाल्या. 'आवारा' त्यांच्या तरुणपणी इथे 'वागाबोंदुल' या नावानं लागला होता आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला होता. नंतर 'एक फूल दो माली'नंही तसाच धुमाकूळ घातला. एवढं सांगून त्यांनी अ‍ॅकॉर्डियनवाल्याला हाक मारली. तो आला, त्यानं छातीवर हात ठेवला आणि मला सांगितलं, की आपण भाऊ आहोत. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातूनच निघाले, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग त्यानं 'आवारा'चं शीर्षकगीत वाजवायला सुरुवात केली, पट्टीसुद्धा माझ्याकडे बघून अंदाजानं धरली, आणि मी गावं म्हणून मान हलवली. मी एक कडवं गायलो. तो भला माणूस दोनदा माझ्यासाठी थांबला, एकदा माझ्या मागोमाग धावला. गाणं संपल्यावर त्यानं नात्याचा विषय पुन्हा काढला नाही.

आजीबाई मात्र खुशीत होत्या. घरमालक दुभाष्याचं काम करत होते. त्यांच्या गावात होरा दर रविवारी असायचा, त्या सांगत होत्या. चर्चनंतर, मोकळ्या जागेवर. मुलगी लहान असेपर्यंत तिनं कडेला उभं राहून बघायचं. मग एका ईस्टरला, नवीन झगा घालून, आई तिला घेऊन जायची आणि कुणीतरी पोरगा तिला हाताला धरून रिंगणात न्यायचा. त्या दिवसापासून ती मोठी. लग्नाच्या बाजारात उभी, असाही त्याचा अर्थ. आजीबाईंना नेणाऱ्या पोराचे हात घामानं चिंब झाले होते, हे त्यांना अजून आठवत होतं. त्याच्याशी लग्न झालं का, असं मी विचारलं. "त्या घामट्याशी?" त्या म्हणाल्या.

म्हणजे केक, पाकिटं, धुराचं यंत्र हे सगळं अलीकडचं. पूर्वी त्या रिंगणात पाऊल टाकणं, हाच माझोरात. मी हा मुद्दा घरमालकांपुढे उत्साहानं मांडला. त्यांनी खांदे उडवले. त्यांचं बालपण हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळातलं. १९७६ पासून 'क्ंतारेआ रोमानिएई' नावाचा सरकारी महोत्सव चालायचा. त्यात शाळा, कारखाने, सगळ्यांनी झगे घालून देशावर आणि नेत्यावर प्रेम असल्याचं नाचून दाखवायचं. "आमच्याकडून इतकं नाचवून घेतलं," ते म्हणाले, "की पुढे बरीच वर्षं मला अ‍ॅकॉर्डियन ऐकला की हजेरी द्यावीशी वाटायची." मग सिर्बा सुरू झाला आणि ते बोलणं अर्धवट टाकून पळाले.

केक कापून झाला, पहाट व्हायला आली, तेव्हा वाद्यवृंदानं 'पेरिनित्सा' धरला. हा निरोपाच्या वेळचा खेळ. रिंगणाच्या मध्ये एकजण रुमाल घेऊन फिरतो, मनात येईल त्याच्या गळ्यात रुमाल टाकून त्याला मध्ये ओढतो, मग दोघांनी रुमाल जमिनीवर पसरून त्यावर गुडघे टेकायचे आणि एकमेकांचा पापा घ्यायचा. ज्याला निवडलं त्यानं पुढची निवड करायची. मी खांबाआड उभा होतो. खांब बारीक होता. आजीबाईंनी रुमाल घेतला, रिंगणाला एक फेरी मारली, घरच्या सगळ्या पुरुषांना हुलकावणी दिली आणि सरळ खांबापाशी आल्या.

ऐंशीच्या घरातल्या त्या बाई झटक्यात गुडघ्यांवर बसल्या. मी बसलो ते खुर्ची, घरमालकांचा हात आणि परमेश्वर यांच्या आधारानं. दोन्ही गालांवर पापे झाले, टाळ्या झाल्या, आजीबाई उठून गेल्या. मला उठता येईना. एक गुडघा धरला तो धरलाच. गळ्यात रुमाल, खाली जमीन, भोवती शंभरेक माणसं नाचताहेत आणि अ‍ॅकॉर्डियनवाला माझ्यासाठी तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतोय. बसल्या जागेवरूनच निवड करायची तर टप्प्यात कोण, हे मी बघत होतो. टप्प्यात संगीतशिक्षक काका होता. त्यानं माझी नजर ओळखली आणि तो सॅक्सोफोनच्या मागे गेला.

शेवटी बायकोच पुढे आली. मला वाटलं, उठवायला. तिनं मोबाइल मुलाच्या हातात दिला, पदर खोचला, माझ्या गळ्यातला रुमाल काढून खाली पसरला, गुडघे टेकले आणि चारचौघांत, पुण्यात पंचवीस वर्षांच्या संसारात जे कधी घडलं नाही ते दोन्ही गालांवर उरकून टाकलं. मग रुमाल उचलला आणि ती रिंगणात गेली. मी तिथेच. पेरिनित्सा संपून पुन्हा जाम्पारा लागला. साडी नेसलेली बायको जाम्पारा बरोबर नाचू शकते, तोही पहिल्या फटक्यात, हे मला जमिनीच्या पातळीवरून पाहायला मिळालं. तिला आयुष्यात कधी रूपक मोजता आलेला नाही. मला ताडमाड पोरांनी काखेत हात घालून उचललं आणि सारमाल्यांच्या टेबलाशी नेऊन ठेवलं.

परतताना टॅक्सीत कुणी फारसं बोलत नव्हतं. मी पुढे, पाय लांब करून. मागे ती दोघं मोबाइलवर काहीतरी बघून हसत होती. काय ते मी विचारलं नाही.

"दोन वर्षांनी याचाही अठरावा आहे," मी म्हणालो. "तेव्हा इथे असलो तर ढोल-ताशा आणू. दाखवू यांना लय काय असते ते."

"नको," चिरंजीव म्हणाले. "होराच ठेवू. फक्त बाबा, तू आईच्या शेजारी उभा राहा."

"माझ्या शेजारी कशाला?" मागून आवाज आला. "त्या मावशींना बोलाव की."